फाउंटनचा दगड

माझ्या हातून एक मूर्खपणा झाला होता, तो आधीच सांगून टाकते, नाहीतर ऐन वेळी माझी जीभ आखडायची. एका मेलेल्या माणसाला घरी आणायला मला पाठवलं होतं आणि मी त्याच्याऐवजी घाटकोपर स्टेशनबाहेरची खडी घेऊन आले.

हसा. मीही हसते आता. तेव्हा मात्र दीड दिवस मला तोंड लपवायला जागा नव्हती.

साल ब्याऐंशी. गिरण्यांचा संप लांबत लांबत थंडीपर्यंत आला होता. आम्ही घाटकोपरला टेकडीवरच्या चाळीत राहायचो. मी, नवरा, सासूबाई आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. मामंजी परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संप झाल्यापासून ते दाराशी स्टूल टाकून बसायचे आणि उतरणीवरून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघायचे. नवरा विक्रोळीच्या कारखान्यात. आणि मी? मी मॅट्रिक पास. इतिहासात बासष्ट मार्क. त्या बासष्ट मार्कांवर मी सासरी दोन वर्षं रुबाब केला. चाळीत कुणाचं पत्र आलं की वाचायला मी, कुणाला फॉर्म भरायचा की मी, मुंबईत कुठली बस कुठे जाते ते सांगायलाही मीच. बस चुकीची निघाली तर माणूस परत येऊन भांडेपर्यंत मी आत जाऊन भात टाकलेला असायचा.

आता ज्याला आणायचं होतं त्याच्याबद्दल सांगते. तो सासूबाईंचा पाठचा भाऊ, माझ्या नवऱ्याचा मामा. एकोणीस वर्षांचा होता. कोकणातून बहिणीकडे आला, मामंजींनी त्याला गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटवून दिला. पंचावन्न सालच्या नोव्हेंबरात संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे निघाले, तेव्हा मामंजी त्याला सोबत घेऊन फोर्टातल्या फाउंटनला, म्हणजे आताच्या हुतात्मा चौकात, गेले. तिथे गोळीबार झाला. मामंजी परत आले. तो आला नाही. क्रियाकर्म इथेच उरकलं, गावी पत्र पोचलं तेव्हा बारावाही होऊन गेला होता.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चाळीतल्या बायकांनी नळावर तुकड्यातुकड्यांनी पुरवलं. घरात तो विषयच नव्हता. सासूबाईंनी त्या चौकात कधी पाऊल ठेवलं नाही. मामंजीही परत तिकडे फिरकले नाहीत, आणि सासुरवाडीलाही गेले नाहीत. त्यांना कुणी बोलावलंच नाही.

त्या थंडीत गावाहून निरोप आला. सासूबाईंची आई अंथरुणाला खिळली होती. नव्वदीच्या घरात, अन्न तुटलेलं. पण जीव जात नव्हता. म्हातारीनं एकच धोशा लावला होता: माझा झील, माझा पोरगा, जिथे पडला तिथला दगड आणा. त्याला घरी आणल्याशिवाय मी जायची नाही.

सासूबाईंच्या गावाकडे हे मानतात. माणूस वाटेत, परक्या ठिकाणी गेला, तर तो त्या जागेवरच थांबून राहतो. त्याच्या माणसानं जायचं, तांदूळ ठेवायचे, हाक मारायची, तिथला दगड उचलायचा आणि घरी आणायचा. दगडाबरोबर तो येतो. मग त्याला वाटेला लावायचा. मी मॅट्रिक असल्यामुळे माझा अर्थातच यावर विश्वास नव्हता.

गुरुवारी सकाळी सासूबाईंनी फडक्यात मूठभर तांदूळ बांधले आणि माझ्या हातात दिले. शुक्रवारी संध्याकाळी पाचची कुर्ल्याहून एसटी होती, त्या गावी निघायच्या होत्या.

"जाग्यार तांदूळ ठेव. तेका हाक मार. चल घराक म्हण. मगे दगड उचल. येताना वाटेत कोणाशी बोलू नको, मागे बघू नको. समाजला?"

"हो आई."

"नक्की जातंस ना गो?"

"जाते हो. हुतात्मा चौक मला पाठ आहे."

मामंजी स्टुलावर होते. त्यांनी मान वळवली नाही. त्यांना कुणी जा म्हटलं नाही आणि ते मी जातो म्हणाले नाहीत. जागा नक्की कुठली, हेही त्यांना कुणी विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं. पण मला जागा कशाला हवी होती, मला चौक पाठ होता ना.

स्टेशनवर माझी शाळेतली मैत्रीण भेटली. तिच्या हातात बाराच्या खेळाची दोन तिकिटं. तिच्या नणंदेनं ऐन वेळी टांग दिली होती.

"फाउंटनला? दगड आणायला? वेडी झालीस काय! तिथे सगळं डांबर असतं गं. दगड काय पेरून ठेवलेत तुझ्यासाठी?"

"अगं पण सासूबाई..."

"सासूबाई बघायला येणारेत? दगड म्हणजे दगड, यार. चल, सुरू होईल."

गेले मी. काय सांगू! तांदळाचं फडकं मांडीवर घेऊन तीन तास पिक्चर पाहिला. रडण्याच्या जागी रडलेसुद्धा. बाहेर आल्यावर तांदूळ कबुतरांना टाकले आणि वर स्वतःचं कौतुक केलं, की बघा, वाया नाही घालवले. घाटकोपरला उतरले तर स्टेशनबाहेर रस्त्याचं काम निघालेलं, खडीचा ढीग पडलेला. त्यातला एक बरासा, मुठीत मावेल असा दगड निवडला. पदराला पुसला आणि फडक्यात बांधला.

सासूबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. त्यांनी पदर पसरून ते फडकं घेतलं. दोन्ही हातांनी. मी पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. देवाच्या फळीखाली त्यांनी पाट मांडला, पाटावर तांदूळ, तांदळावर तो दगड. समईची वात मोठी केली. आणि त्या अंधाऱ्या खोलीत, भर चार वाजता, ज्या बाईला मी दोन वर्षांत कधी रडताना पाहिलं नव्हतं ती माझ्या खडीला म्हणाली, "इलंस रे बाबा. दमलंस."

तेव्हा कुठे मी चपला काढल्या.

मी स्वयंपाकाच्या कट्ट्याकडे पळाले. पण खोली केवढी! दहा बाय बारा. पळून पळून कुठे पळणार? मामंजी स्टूल घेऊन आत आले. पाटापासून लांब, भिंतीला टेकून बसले. बराच वेळ दगडाकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "खयसून उचललंस?"

मी कांदा चिरत होते. "चौकातून. कारंज्याजवळून."

"कारंज्याच्या खयच्या अंगाक?"

"डाव्या."

"डाव्या म्हंजे?"

"म्हणजे... आपण गेलो की डावीकडे."

त्यांनी स्टूल जरा सरकवलं. मला वाटलं सुटले. मी कांदा पातेल्यात टाकला. तेवढ्यात पुन्हा, "कारंजा रंगवलेला आसा काय अजून? का उडालो रंग?"

मी फाउंटन लहानपणी एकदा बसमधून पाहिलेलं. मला आठवत होती ती फक्त गर्दी. पण बासष्ट मार्क स्वस्थ बसू देतात का! मुंबईतल्या जुन्या इमारती काळ्या दगडाच्या, तेव्हा कारंजंही काळंच असणार, असा मी हिशेब केला.

"रंग कसला मामंजी, काळा दगड आहे तो. कावळ्यांनी घाण करून ठेवलीय नुसती."

"काळो."

"हो तर."

सासूबाई पाटाशी बसून ऐकत होत्या. मामंजींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग शेवटचा प्रश्न विचारला. आणि मी जे उत्तर दिलं ते आठवलं की आजही मी एकटी असले तरी तोंडावर पदर घेते.

"आणि थय आता हुतात्म्यांचो पुतळो केलोहा म्हणतत. कसो आसा?"

"छान आहे," मी म्हटलं. "सैनिक आहे. हातात बंदूक घेतलेला."

"बंदूक?"

"हो. अशी खांद्याला लावून."

मी वळून पाहिलं. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता. रागाचा असता तर बरं झालं असतं. ते उठले, स्टूल उचललं आणि पुन्हा दाराबाहेर नेऊन ठेवलं.

मला कळलं की काहीतरी भयंकर चुकलंय. काय ते कळलं नाही. म्हणून मी शेजारच्या मास्तरीणबाईंकडे मीठ मागायला गेले आणि मीठ घेता घेता सहज विचारल्यासारखं करून त्या पुतळ्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, शेतकरी आणि कामगार आहेत ना. दोघांनी मिळून मशाल धरलीय. पेपरात कितीदा फोटो येतो."

मशाल. ज्यांच्या हातात काही नव्हतं, ज्यांच्यावर बंदुका चालल्या, त्यांच्याच हातात मी बंदूक देऊन आले होते. आणि ते सांगितलं कुणाला, तर जो माणूस त्या बंदुकांसमोर उभा होता त्याला.

त्या रात्री मी झोपले नाही एवढंच सांगते. मामंजी सासूबाईंना केव्हाही सांगू शकत होते. सांगितलं तर माझं काय व्हायचं ते होवो, माहेरी पाठवतील, पाठवोत. पण मला त्या न पाहिलेल्या म्हातारीची भीती बसली. ती तिकडे तोंड उघडं टाकून वाट बघत पडलेली. तिच्या हातात खडी जाणार. ती त्या खडीला कुशीत घेणार. माझा विश्वास नव्हता हो! पण तिचा होता, आणि तिच्याकडे दुसरी वेळ नव्हती.

सकाळी दहाला मी रॉकेलचा डबा उचलला. संपाच्या दिवसांत रॉकेलची रांग म्हणजे चार-चार तास, कुणी विचारायचं नाही.

"दुपारच्या आत ये गो," सासूबाई म्हणाल्या. "माका निघूचा आसा." त्या पाटाशी बसून दगडाभोवती लाल कापडाची घडी घालत होत्या. मामंजींचं स्टूल दाराशी रिकामं होतं. मला ते बरंच वाटलं, तोंड दाखवावं लागलं नाही.

डबा मैत्रिणीच्या घरी फेकला आणि फोर्टात गेले.

चौक मला पाठ होता ना? पाऊल ठेवलं आणि कुठे उभं राहावं तेही कळेना. चारी बाजूंनी बस, टॅक्स्या, हातात फायली घेतलेली माणसं. संपामुळे एका कडेला पोलिसांची निळी गाडी. मधोमध ते कारंजं. पांढरं! अख्खंच्या अख्खं तेलरंगानं पांढरं फटक. वर ती बाई उभी, खाली शिंपले, मासे आणि कसल्या कसल्या मूर्ती, आणि एका ठिकाणी पाणी नुसतं गळत होतं. थोडं पलीकडे ते दोघं. शेतकरी, कामगार, आणि त्यांच्यामध्ये उंच धरलेली मशाल. खाली सुकलेला हार. मी त्यांच्यासमोर उभी राहिले तर लाजेनं माझे कान गरम झाले. मी मनातल्या मनात म्हटलं, माफ करा बाबांनो, मी तुमच्या हातात भलतंच दिलं.

मग दगड शोधायला लागले. मैत्रीण एका बाबतीत खरी निघाली. तिथे सुटा दगड नव्हताच. डांबर, सिमेंट, घट्ट बसवलेल्या फरश्या. पाऊण तास मी खाली मान घालून त्या चौकाला फेऱ्या मारत होते. कचेरीतले लोक बघायला लागले, बाईचं काही पडलंय की काय. साडेबारा झाले. शेवटी मी कारंज्याच्या कठड्याशी वाकले, केसातली पिन काढली आणि जिथे रंगाचा पोपडा सुटला होता तिथे खरवडायला लागले.

"ए बाई! काय चाललंय?"

हवालदार. पन्नाशीचा, मिशा पिकलेल्या, हातात काठी. माझी पिन खाली पडली.

"काही नाही साहेब."

"काही नाही कसं? अर्धा तास बघतोय मी. घिरट्या घालतेय, वाकून बघतेय, आता उकरतेय. संपाचे दिवस आहेत, माहितेय ना? कुणी पाठवलं तुला?"

"सासूबाईंनी."

"काय?"

मी रडायला लागले. आणि रडता रडता सगळं सांगितलं. मामा, म्हातारी, खडी, पाचची एसटी, अगदी बंदूकही. पिक्चरचं तेवढं गाळलं. त्यानं काठी काखेत धरली आणि कपाळावरची टोपी मागे सारली.

"आणि म्हणून तू ह्या कारंज्याचा दगड नेणार?"

"हो."

"अगं हा विलायतेचा दगड आहे! बोटीतून आणलेला. गोऱ्यांचं काम. हे कारंजं खरं तर भायखळ्याला राणीच्या बागेत लावायचं होतं, शेवटी इथं आलं. आणि वर ती कोण आहे माहितेय? फ्लोरा. फुलांची देवी. रोमन. तिचा टवका नेशील कोकणात, तर तुझा मामा कुठल्या गावाला पोचेल त्याचा नेम नाही."

मी डोळे पुसत विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"बारा वर्षं इथं उभा आहे. गोऱ्यांना घेऊन गाइड येतात, रोज तेच तेच बोलतात. कोटाचा दरवाजा होता म्हणे इथं. कोट पाडला तेव्हा ह्या जागेवर हे कारंजं आलं. पाठ झालंय मला." मग त्यानं काठीनं अख्ख्या चौकावरून एक फेर धरला. "आणि तो मोर्चा? तो काय एका पाटावर मावेल एवढ्या जागेत होता? ह्या तोंडापासून त्या तोंडापर्यंत माणूसच माणूस होता म्हणतात. तुझा मामा कुठं पडला ते कोण सांगणार तुला? तेव्हा जो बरोबर होता त्याला घेऊन ये."

"ते येणार नाहीत. सत्तावीस वर्षांत आले नाहीत."

हे बोलत असतानाच मला ते दिसले. माझ्या समोरच, रस्त्याच्या पलीकडे. कमानींच्या इमारतीखाली, फुटपाथच्या अगदी कडेला, मामंजी उभे होते. धुतलेला सदरा, काळी टोपी हातात. सिग्नल सुटत होता, थांबत होता. माणसं त्यांना धक्के देत रस्ता ओलांडत होती. ते एक पाय खाली टाकायचे आणि पुन्हा वर घ्यायचे. किती वेळ, कोण जाणे.

मी हाक मारली. गाड्यांच्या आवाजात ती पोचली नाही. हवालदारानं माझ्या नजरेच्या रोखानं पाहिलं. "तेच का?"

मी मान हलवली.

तो रस्त्यात उतरला आणि हात वर केला. गाड्या थांबल्या. मी पलीकडे धावले. पण मामंजींची नजर माझ्यावर नव्हतीच, माझ्या मागून येणाऱ्या खाकी कपड्यांवर होती. ते एक-एक पाऊल मागे सरकत होते. पाठ खांबाला लागली तेव्हा थांबले. टोपी त्यांनी छातीशी धरली होती. हवालदाराच्या ते लक्षात आलं असावं. तो रस्त्याच्या मध्येच थांबला, पुढे आला नाही. तिथूनच म्हणाला, "काका, सावकाश. मी इथंच आहे." आणि पाठ फिरवून गाड्या सोडायला लागला.

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. "तू रॉकेल हाडूक गेललंस ना?"

"मामंजी, मी काल आलेच नव्हते. तो दगड..."

"माका ठावक आसा." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "बंदूक म्हणालंस तेवाच हय येवक निघूक हवा होता माका. रातभर उठूक जमला नाय."

"कुठे होती जागा? तिकडे? मशालीजवळ?"

"नाय. हय."

आम्ही जिथे उभे होतो त्या कमानींखालीच. पाच-सहा खांब पुढे. मी मागून चालले. ते खांबांना हात लावत जात होते. एका खांबाशी थांबले. तिथे एक माणूस टाइपरायटर घेऊन अर्ज लिहीत बसला होता. मामंजी त्याच्या बाकड्याच्या कडेला, खाली फरशीकडे बघत राहिले.

"आम्ही हयसून पळत होतंव. तो पुढे होतो, तरणो पोरगो. माझी चप्पल सुटली. दिवाळीच्या बोनसाची, नयी. मी वाकलंय. तो माका उठवूक मागे इलो." त्यांनी हातानं दाखवलं, माणूस कसा वळतो तसं. "मागे इलो नसतो तर गेलो असतो पुढे."

चपलेसाठी. एवढंच. सत्तावीस वर्षं एवढंच पोटात घेऊन बसलेला माणूस, आणि मी त्याच्या बायकोपुढे कावळे आणि सैनिक नाचवत होते.

टाइपरायटर थांबला होता. तो अर्जवाला काही न विचारता उठला आणि बाकडं हातभर सरकवलं. फरशीचा एक कोपरा तडकलेला होता. मामंजींनी खिशातून साच्याचा जुना पाना काढला. संप झाल्यापासून तो पाना त्यांनी हातात घेतलेला मी पाहिला नव्हता. वाकायला त्यांना वेळ लागला. गुडघे नव्हे, काहीतरी दुसरंच अडत होतं. पण वाकले. दोनदा, तीनदा ठोकलं. सुपारीएवढा टवका निघाला. सदऱ्याच्या खिशातून तांदूळ काढून त्यांनी त्या खळग्यात ठेवले आणि माझ्याकडे बघितलं.

"हाक मार."

"मी? मी तर त्यांना कधी..."

"तू मार. माझ्या हाकेक तो येवचो नाय."

भर दुपारी, फोर्टात, टाय लावलेली माणसं बाजूनं जात असताना मी पदर डोक्यावर घेतला. मला वाटलं होतं आवाजच फुटणार नाही. फुटला. "मामा," मी म्हटलं, "चला घरी. आई वाट बघतेय."

मामंजींनी टवका उचलला आणि मुठीत घेतला. आम्ही निघालो. मागे बघायचं नव्हतं. मी जन्माची खोडकर, मला नको म्हटलं की मान आपोआप वळते. त्या दिवशी घाटकोपरपर्यंत माझी मान लाकडाची झाली होती. मामंजी एक शब्द बोलले नाहीत. दादरला कुणीतरी "काका, पुढे सरका" म्हणालं तरी त्यांनी नुसती मान हलवली.

टेकडी चढून दारात पोचलो तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. सासूबाई लुगडं नेसून तयार. माझा नवरा अर्ध्या पाळीची सुट्टी काढून आलेला, ट्रंकेवर बसलेला. लाल कापडाची गाठ सासूबाईंच्या मांडीवर.

"रॉकेल खय?" त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडलं. पण मामंजी माझ्या पुढे आले. त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत गेले आणि बायकोसमोर जमिनीवर बसले. मूठ उघडली.

"कालचो दगड खोटो. हो खरो. मी हाडलंय."

सासूबाईंनी आधी त्या मुठीकडे पाहिलं, मग मामंजींच्या तोंडाकडे. नळावर कुणाची तरी घागर भरून सांडत होती, त्याचा आवाज येत होता.

"तेका थय मीच नेललंय," मामंजी म्हणाले. "आणि तो माझ्यासाठी मागे इलो."

पहिलं सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरं कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या नवऱ्यानं मान खाली घातली. मी दाराची चौकट धरून उभी. आता ही बाई किंचाळणार, नाहीतर ह्या माणसाला लोटून देणार, नाहीतर माझ्या झिंज्या धरणार, असं मी एकामागून एक ठरवत गेले. सासूबाईंनी लाल कापडाची गाठ सोडली. खडी बाजूला ठेवली. टवका घेतला, कापडात ठेवला, आणि गाठ मारायला घेतली. ती एकदा सुटली. दुसऱ्यांदा बसली.

"एसटी चुकतली," त्या मुलाला म्हणाल्या. "चल."

आणि गेल्या. माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे नाही, कुणाकडेच न बघता.

पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघं गुन्हेगार घरात. मी भात वाढायची, मामंजी जेवायचे. नवरा दोघांकडे आळीपाळीनं बघायचा आणि कामाला जायचा. गावाहून पत्र नाही. मला रोज वाटे, म्हातारी दगड पोचायच्या आधीच गेली असेल. मग वाटे, पोचला असेल, पण जावयानं आणलेला म्हणून तिनं फेकून दिला असेल. एक दिवस मामंजींनी हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाले, "पोचलो असात ना गो?" मी हो म्हटलं. मला काहीच ठाऊक नव्हतं, पण त्या वेळी खोटं बोलल्याबद्दल मला अजून वाईट वाटत नाही.

सोळाव्या दिवशी सकाळी सासूबाई आल्या. डोळे सुजलेले नव्हते, काही कळायला मार्ग नाही. मामंजी दाराशी होते. त्यांनी उठून ट्रंक घेतली. सासूबाईंनी घेऊ दिली. आत येऊन पाय धुतले, चूल बघितली, तांदळाचा डबा उघडून बघितला, आणि मला मागच्या मोरीपाशी बोलावलं. मी गेले. पदर खोचला होता, हात ओले होते, आणि मार बसला तर कुठल्या गालावर घ्यायचा तेसुद्धा ठरवलेलं.

त्यांनी बाहेर मामंजींच्या पाठीकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आवस गेली. तेरा दिस झाले. दगड उशाक घेवन गेली. जावच्या आधी माका इचारल्यान, जावय बरो आसा मगो, कित्याक येना नाय आमच्याकडे, तेका येवक सांग. जा, तू सांग तेंका. माझ्या तोंडान येवचा नाय. आणि मी सांगलंय तसाच सांग, तुझ्या पदरचा काय घालू नको."